रंधा, टकळी आणि रंगपेटी

डॉ. झाकिर हुसेन समितीने डिसेंबर १९३७ मध्ये सादर केलेल्या अहवालात सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आखलेले एक वेळापत्रक आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटे, मातृभाषेला चाळीस, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून तीस, व्यायामाला दहा आणि मधल्या सुट्टीला दहा. त्याआधी, ऑक्टोबरात, वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती आणि हे वेळापत्रक तिथल्या ठरावांतून निघाले. शाळेच्या दिवसाचा निम्म्याहून मोठा भाग हाताच्या कामाला देण्याचे धाडस आपल्याकडच्या कोणत्याही सरकारमान्य योजनेने त्याआधी केले नव्हते आणि पुढेही केले नाही. या वेळापत्रकात मुलाच्या निवडीला मात्र जागा नव्हती. कोणता उद्योग शिकायचा हे गाव, हवामान आणि शाळा ठरवणार होती. आज सहावी ते आठवीच्या मुलांना तंत्रज्ञान, डिझाइन आणि कला यांतून आवडीचे विषय निवडू द्यावेत, असे सगळीकडे बोलले जाते आणि ते मला मनापासून पटते. पण मराठी शाळांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर मुलाला निवड द्यावी की नाही, हा प्रश्न दुय्यम ठरतो. निवड कोणत्या दोन गोष्टींमध्ये ठेवली, यावर सगळे अवलंबून राहिले. पुस्तकी विषय की हाताचा विषय, असा पर्याय जेव्हा जेव्हा ठेवला, तेव्हा हाताचा विषय हरला आणि तो कोणाच्या वाट्याला जायचा हे मुलाच्या आवडीऐवजी घराने ठरवले. हाताचा विषय सगळ्यांना देऊन, पुस्तकांच्या बरोबरीने उभा केला, तिथेच तो टिकला.

या पर्यायाची सुरुवात १८८२ च्या हंटर आयोगापासून झाली. माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत दोन फाटे असावेत, असे आयोगाने सुचवले. एक फाटा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारा आणि दुसरा व्यापार व इतर व्यवहारोपयोगी कामांची तयारी करून देणारा. कागदावर ही कल्पना उदार होती. मुंबई इलाख्यात या दुसऱ्या फाट्यासाठी स्कूल फायनल नावाची परीक्षा आली, पण ती मुख्यतः सरकारी कचेरीतल्या खालच्या नोकरीची पायरी होऊन बसली. कारण उघड होते. मॅट्रिकच्या पुढे कॉलेज होते, वकिली होती, मामलेदारी होती, आणि दुसऱ्या फाट्याच्या पुढे असे काहीच नव्हते. ज्याला परवडत होते त्याने मॅट्रिकच निवडले. याच आयोगापुढे ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले होते आणि त्याची दिशा निराळी होती. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती हे सगळे त्यांनी एकाच प्राथमिक अभ्यासक्रमात मागितले. खेड्यातल्या शाळेचा अभ्यासक्रम शहरापेक्षा कमी असला तरी चालेल, पण तो व्यवहाराला कमी उपयोगी असता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. शेतकऱ्याच्या मुलासाठी वेगळा, कमी प्रतीचा फाटा त्यांनी मागितला नाही. अक्षर, हिशेब आणि शेती त्यांनी एकाच ताटात वाढली. आयोगाने फाट्यांची कल्पना उचलली आणि पुढची शंभर वर्षे आपले शिक्षणखाते या ना त्या नावाने तीच राबवत राहिले.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो इतका नित्याचा झाला आहे की, त्याकडे इतिहास म्हणून कोणी पाहत नाही. तो म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. त्यांचे मूळ मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि त्याच्याही मागे लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आहे. जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ मध्ये एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. उद्देश होता इथल्या कारागिरांना वळण लावण्याचा. १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे दोघे इंग्लंडहून आले. किपलिंग १८७५ मध्ये लाहोरला गेले, ग्रिफिथ्स मात्र तीस वर्षे इथेच राहिले आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती जे.जे.च्या विद्यार्थ्यांकडून करून घेणारे म्हणून आज त्यांचे नाव निघते. शाळांच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम मोठे होते. साउथ केन्सिंग्टनच्या हेन्री कोल यांच्या खात्याने इंग्लंडात चित्रकलेचे पायरीपायरीचे शिक्षण आणि प्रत्येक पायरीची श्रेणीपरीक्षा अशी व्यवस्था बसवली होती. आधी मुक्तहस्त बाह्यरेषा, मग भूमिती, मग घनवस्तू, मग यथार्थदर्शन. हीच पद्धत मुंबई इलाख्याच्या शाळांत आली. ती शिकवायला मास्तर लागणार, म्हणून जे.जे.त ड्रॉइंग मास्तर तयार करण्याचे वर्ग निघाले. गावोगावच्या हायस्कुलांत तेव्हापासून जो ‘ड्रॉइंग मास्तर’ दिसू लागला, तो या साखळीतून आला. शाळा, परीक्षा आणि मास्तर या तिन्ही गोष्टी एकमेकांना धरून उभ्या राहिल्या. कारागिरांसाठी काढलेल्या कलाशाळेत प्रत्यक्षात कारागिरांची मुले फारशी टिकली नाहीत, हेही इथे नोंदवायला हवे. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रे आर्ट वर्कशॉप्सनी ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. पण जे.जे.चा खरा दूरवरचा परिणाम तिच्या कार्यशाळांपेक्षा इलाखाभर पसरलेल्या ड्रॉइंगच्या तासातून झाला.

या परीक्षेत मुलाला काय करावे लागते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे विषय असतात. वस्तुचित्रात समोर ठेवलेला तांब्या किंवा खोका कागदावर उतरवायचा. तोंडाची लंबगोल कड किती उघडी दिसते ते डोळ्यांनी मोजायचे आणि सावली नेमकी कोणत्या बाजूला पडते ते पाहून शेडिंग करायचे. संकल्पचित्रात दिलेल्या मापाचे वर्तुळ किंवा चौकोन आखून त्याचे समान भाग करायचे, एका भागात पान, फूल, पक्षी अशा आकारांची रचना करायची आणि ती उरलेल्या भागांत जशीच्या तशी उतरवायची. मग पोस्टर कलर असा लावायचा की, ब्रशचा फटकारा दिसता कामा नये आणि दोन रंगांची कड एकमेकांत सांडता कामा नये. अक्षरलेखनात अक्षराची जाडी, उंची आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा पट्टीने आखून ठरवायची. बारा-तेरा वर्षांचे मूल या सगळ्यातून माप, प्रमाण, पुनरावृत्ती आणि समतोल शिकते. डिझाइन हा शब्द आज ज्या अर्थाने वापरला जातो, त्याचा पाया हाच आहे. तालुक्याच्या गावातल्या मुलाला तो मिळाला तो याच परीक्षेमुळे, कारण त्याच्या शाळेत याखेरीज डिझाइन शिकवणारे दुसरे काही नव्हते.

या परीक्षेवर जुना आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. तिने चित्रकलेला साच्यात घातले, मुले क्लासमध्ये तयार नमुने गिरवून त्यांचीच घोकंपट्टी करतात, स्मरणचित्रात वर्षानुवर्षे तीच जत्रा आणि तोच बसथांबा येतो, असे कलाशिक्षकच सांगतात. दहावीच्या गुणांची जोड मिळाल्यापासून हा दोष वाढला. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना ए श्रेणीसाठी सात, बी श्रेणीसाठी पाच आणि सी श्रेणीसाठी तीन वाढीव गुण मिळतात. त्यामुळे चित्राची गोडी नसलेली मुलेही परीक्षेला बसतात. हे सगळे मान्य करूनही मी या परीक्षेच्या बाजूने आहे. कारण तिच्या बाजूला ठेवून पाहण्यासारख्या ज्या योजना आल्या, त्या कितीतरी अधिक सुंदर होत्या आणि त्या मेल्या. ही मात्र दरवर्षी काही लाख मुलांच्या हातात ब्रश देत राहिली. तिला टिकवणाऱ्या गोष्टी तीन होत्या. पहिली म्हणजे तिच्यासाठी कोणत्याही मुलाला गणित किंवा इंग्रजी सोडावे लागले नाही. दुसरी म्हणजे तिचे प्रमाणपत्र पुढचे दार उघडत होते. आर्ट स्कूलच्या प्रवेशाला इंटरमिजिएट लागायची आणि तिथून पुढे कलाशिक्षकाची पदविका, म्हणजे नोकरी, असा सलग रस्ता होता. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कला संचालनालयाने तो रस्ता राखला. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शाळेत त्या विषयाचा एक माणूस होता, कायम नोकरीवर, हजेरीपटावर सही करणारा. साच्याचा दोष सुधारता येतो. विषयाला शाळेत माणूसच नसेल, तर सुधारण्यासारखेही काही उरत नाही.

वर्धा योजनेकडे या नजरेने परत गेले, तर तिच्या अपयशाची कारणे स्पष्ट दिसतात. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात निवडक क्षेत्रांत मूलोद्योगी शाळा सुरू केल्या. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने या योजनेसाठी निघालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम निष्ठेने उभे केले. अहवालात कताई-विणाई, सुतारकाम, शेती, फळभाज्यांची बागाईत, चर्मकाम असे कितीतरी उद्योग सुचवले होते. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत टकळी आणि पेळू एवढेच आले, कारण ते स्वस्त होते आणि कोणत्याही मास्तराला पंधरा दिवसांत शिकवता येत होते. सुताराचे हत्यार, भाता, करघा यांना पैसे लागत होते आणि ते वापरता येणारा माणूस लागत होता. शिवाय योजनेची सगळी मांडणी उद्योगातून गणित, भूगोल, भाषा शिकवण्यावर होती. एका टकळीतून सात इयत्तांचा भूगोल काढून दाखवायला असामान्य शिक्षक हवा. वर्ध्याच्या परिषदेतच प्राध्यापक के. टी. शहांनी हरकत घेतली होती की, मुलांच्या कामातून शाळेचा खर्च भागवायचा ठरवला, तर शाळेत शिक्षणापेक्षा उत्पादन महत्त्वाचे होईल आणि कारागिरांच्या पोटावरही पाय येईल. ती हरकत योग्य होती. तरीही योजनेचा बोजवारा केवळ स्वावलंबनाच्या आग्रहामुळे उडाला, असे मला वाटत नाही. मुलाला निवड नव्हती, शिक्षकाला साधन नव्हते आणि पुढच्या हायस्कुलात या तीन तास वीस मिनिटांची किंमत शून्य होती. खेड्यापाड्यांत ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ ही नावे शाळांच्या दारावर राहिली आणि आत पाढे सुरू राहिले.

हाताच्या कामाविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्यांच्या आजे-पणजांना अक्षर नाकारले गेले, त्यांनी मोठ्या कष्टाने शाळेचे दार उघडले आणि आत गेल्यावर पुन्हा सुताराच्या मुलाला रंधा आणि कुंभाराच्या मुलाला चाक हातात मिळाले, तर ती फसवणूक आहे. हा आक्षेप काल्पनिक नाही. १९५३ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुळाचा धंदा शिकवणारे शिक्षण म्हणून धारेवर धरले. विरोध इतका पेटला की, १९५४ मध्ये राजगोपालाचारींना पद सोडावे लागले आणि त्यांच्यानंतर आलेल्या कामराजांनी ती योजना मागे घेतली. चळवळीचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. मद्रासच्या योजनेने हाताचे काम घराशी बांधले होते, म्हणजे जातीशी बांधले होते. पण यावरून शाळेतून हातकामच हद्दपार करावे, हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. शाळेतून ते हद्दपार झाले की, सुताराचा मुलगा ते घरी शिकतोच आणि वकिलाचा मुलगा कधीच शिकत नाही. जातीची रेघ तशीच राहते. ती पुसायची तर वकिलाच्या मुलीने गुण्या लावून काटकोन तपासला पाहिजे आणि सुताराच्या मुलाला कॅमेरा किंवा सर्किट मिळाले पाहिजे. फुल्यांनी एकाच अभ्यासक्रमात हिशेब आणि शेती मागितली, त्यामागेही हाच समतेचा आग्रह मला दिसतो. मुलींच्या बाबतीत आपण ही चूक दीर्घकाळ केली आणि तिला फारसा विरोधही झाला नाही. शिवण-भरतकाम मुलींना, सुतारकाम मुलांना, हे शाळांनी इतके सहज स्वीकारले की, निवडीचा प्रश्नच तिथे उपस्थित झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये फाट्यांची कल्पना नव्याने आणि भव्य प्रमाणावर मांडली. माध्यमिक शाळेत सात गट असावेत: मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान. शाळा बहुउद्देशीय असावी, मुलाने आपल्या कलाप्रमाणे गट निवडावा. त्याचबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याने एक हस्तव्यवसाय शिकावा, असेही आयोगाने म्हटले होते आणि हा भाग माझ्या मते अधिक मोलाचा होता. अंमल मात्र पहिल्या भागाचा झाला. आपल्याकडे तांत्रिक शाळांनी काही काळ चांगले काम केले. आठवीतला मुलगा काही विषयांच्या जागी कार्यशाळेत जायचा, व्हाइसच्या जबड्यात लोखंडाची पट्टी घट्ट धरून कानस चालवायचा आणि गुण्या लावून प्रकाशाची फट दिसते का ते तपासायचा. फट दिसली की पुन्हा कानस. या शाळांतून निघालेल्या कित्येकांनी पुढे कारखान्यांत आणि पॉलिटेक्निकमध्ये नाव काढले. पण चौदाव्या वर्षी निवडलेला गट बदलता येत नव्हता आणि हुशार मुलाने विज्ञान, बाकीच्यांनी तंत्र, अशी उतरंड लवकरच पक्की झाली. पुढे आलेल्या कोठारी आयोगाने दहावीपर्यंत फाटे नकोत असे सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता. १९७५ मध्ये महाराष्ट्रात दहावीची शालान्त परीक्षा आली. कोठारी आयोगाची कार्यानुभवाची कल्पना सगळ्यांसाठी होती, म्हणजे तत्त्व बरोबर होते. पण तिच्याबरोबर ना साधने आली ना शिक्षक. ज्याला तास कमी पडत होते त्या मराठीच्या किंवा भूगोलाच्या बाईंकडे कार्यानुभव गेला आणि पुठ्ठ्याची फ्रेम व खडूंची पेटी करून वर्षअखेरीला श्रेणी देऊन तो संपू लागला.

तत्त्व आणि साधन या दोन्ही गोष्टी एकत्र आलेली जागा महाराष्ट्रात आहे, ती शिरूर तालुक्यातल्या पाबळला. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात काम केलेल्या डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या अभ्यासक्रमाचे नाव ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस कामात घालवायचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही चारही क्षेत्रे सगळ्यांनी करायची. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा रक्तगट तपासायला आणि पदार्थ टिकवायला शिकतो. शिकवायला गावातलेच कुशल कारागीर येतात. गावाला लागणारी वस्तू करून द्यायची आणि तिचा खर्च घ्यायचा. शाळा त्यावर चालवायची नसल्यामुळे के. टी. शहांची हरकत इथे लागू होत नाही. शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली, त्यामुळे त्याचे गुण दहावीच्या गुणपत्रिकेवर येतात. रेखाकला परीक्षेला तारणाऱ्या तिन्ही गोष्टी इथेही दिसतात: बाकीच्या अभ्यासाशी वैर नाही, गुणपत्रिकेवर जागा आहे आणि शिकवणारा माणूस आहे. ही पद्धत अजून मोजक्याच शाळांपर्यंत पोहोचली आहे. तरीही ती चार दशके चालली आणि साध्या खेड्यातल्या शाळेत चालली, हा पुरावा लहान नाही.

इतक्या लहान वयात निवड नकोच, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला काय कळते, असे पालक विचारतात. विज्ञान की तंत्र, असा आयुष्याचा फाटा निवडायचा असेल, तर त्यांची शंका रास्त आहे. मात्र या सत्रात माती की लाकूड, पुढच्या सत्रात छायाचित्र की विजेची जोडणी, एवढी निवड बाराव्या वर्षी करता येते आणि चुकली तर सहा महिन्यांनी दुरुस्त होते. सगळ्या मुलांनी काहीतरी हातांनी करायचेच, काय ते त्यांनी ठरवायचे, हे सूत्र आता सरकारी कागदांतही आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला सुतारकाम, धातुकाम, वीजकाम, बागकाम, कुंभारकाम अशांची प्रत्यक्ष ओळख द्यावी असे म्हटले. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या तीन इयत्तांत मिळून नऊ प्रकल्प ठरवले: दरवर्षी एक सजीवांशी संबंधित, एक यंत्रे व साहित्याशी, एक माणसांच्या सेवेशी. एनसीईआरटीची ‘कौशल बोध’ ही पुस्तके त्याच आधारावर निघाली आहेत. १८८२ पासूनच्या कागदांत मला ही मांडणी सर्वांत शहाणी वाटते, कारण तिच्यात फाटा नाही. राहतो तो प्रश्न माणसाचा. कला आणि कार्यशिक्षण कोणी शिकवायचे, याची तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे. सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल, तर त्या शाळेला या विषयांसाठी निदेशक मिळावेत, आणि तेही अर्धवेळ. महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या हजारो शाळांमध्ये त्या तीन इयत्तांत मिळून शंभर मुले नसतात. तिथला पूर्ण वेळचा चित्रकला शिक्षक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते, आणि नऊ प्रकल्पांसाठी मुलाच्या हातात पटाशी कोण देणार, याचे उत्तर त्या परिशिष्टात नाही.